फिरंगरोग आणि मद्रासची छावणी

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, आजच्या विमानतळापासून जवळच, एक लहानशी टेकडी आहे. इंग्रजांनी तिला संत थॉमसचा माउंट म्हटले. तमिळ माणूस तिला परंगीमलै म्हणतो. परंगी म्हणजे फिरंगी आणि मलै म्हणजे डोंगर. टेकडीच्या माथ्यावर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेले चर्च आहे आणि पायथ्याशी जुनी लष्करी छावणी. कंपनी सरकारच्या मद्रास तोफखान्याचे मुख्य ठाणे ह्याच छावणीत होते. योगायोग असा की, ‘परंगी’ हा शब्द तमिळ भाषेत एका रोगाच्या नावातही येऊन बसला आहे. आपल्याकडेही तसेच झाले. भावमिश्राने सोळाव्या शतकात ‘भावप्रकाश’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हा जुन्या संहितांत नसलेली एक नवी व्याधी त्यास नोंदवावी लागली आणि तिला त्याने ‘फिरंग’ हे नाव दिले. उपाय म्हणून रसकापूर आणि चोपचिनी सांगितली. मराठी बोलीत ह्या व्याधीस गरमी म्हणतात आणि तिच्या जोडीने येणाऱ्या दुसऱ्या व्याधीस परमा. लाजिरवाणा रोग हा नेहमी परक्याचाच असतो. फ्रेंच लोक गरमीला नेपल्सचा रोग म्हणत आणि नेपल्सचे लोक तिला फ्रेंचांचा म्हणत. तेव्हा नावावरून कोणास दोषी ठरवावे असे नाही. पण परंगीमलैच्या पायथ्याशी जी छावणी वसली, तिच्या इतिहासात ह्या रोगाने जे घडविले ते मात्र निव्वळ नावापुरते नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात गोऱ्या सैनिकांच्या पलटणी ठिकठिकाणी ठेवलेल्या होत्या. इलाखा म्हटला की आज डोळ्यांपुढे तमिळ आणि तेलुगू प्रांत येतो. पण मद्रासच्या फौजेचा पसारा त्याहून पुष्कळ मोठा होता. बंगळूर, बेळ्ळारी, सिकंदराबाद ही ठाणी तिचीच. नागपूरच्या भोसल्यांकडे ठेवलेली तैनाती फौजही मद्रासची असे, आणि तिच्यासाठी १८२१ च्या सुमारास कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसविण्यात आली. म्हणजे मद्रासच्या लष्करी वैद्यांनी काढलेला हुकूम वऱ्हाड-नागपूरच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत असे.

गोरा सोजीर हा सरकारच्या दृष्टीने फार महागाचा माणूस होता. त्याला विलायतेत भरती करावयाचे, कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासातून आणावयाचे, खाऊपिऊ घालावयाचे. आणि एवढे करून तो लढाईत नव्हे तर इस्पितळात पडून राहावयाचा. पटकी, आमांश, हिवताप आणि दारू ह्यांच्या बरोबरीने गरमी-परमा ही त्याला अंथरुणास खिळविणारी मोठी कारणे होती. त्याचे वय बहुधा विशीच्या आतबाहेरचे. लग्नास परवानगी मिळावयाची ती शंभरांतील फार तर दहाबारा जणांना. बाकीच्यांनी बरॅकीत राहावे, कवायत करावी आणि संध्याकाळी बाजारची वाट धरावी. ही व्यवस्था सरकारनेच केलेली होती. लग्न झालेला सैनिक खर्चाचा आणि अडचणीचा, हे सूत्र एकदा ठरल्यावर पुढचे सारे त्याच्या मागोमाग आले. पलटणीच्या बाजारालगत स्त्रियांची वस्ती राहू लागली. तिला लाल बाजार म्हणत.

अशा परिस्थितीत १८०५ च्या सुमारास मद्रास इलाख्यात ‘लॉक हॉस्पिटल’ नावाची संस्था उभी राहू लागली. लॉक म्हणजे कुलूप, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात हे नाव लंडनच्या एका जुन्या इस्पितळावरून आले आणि त्याचा मूळ संबंध महारोग्यांच्या आश्रमाशी जोडतात. परंतु हिंदुस्थानात आलेल्या ह्या नावाला कुलपाचा अर्थ शोभूनच दिसला. छावणीच्या परिसरातील स्त्रियांची तपासणी व्हावयाची, रोग दिसला की त्या स्त्रीस इस्पितळात ठेवावयाचे, आणि बरी झाली असे वैद्याने म्हटल्यावाचून सोडावयाचे नाही. बरी करण्याचे साधन पारा. पाऱ्याने तोंडातून लाळ गळे, हिरड्या सुजत, दात ढिले होत. आणि जखम भरून आली तरी रोग आत तसाच राही. रोग आणि औषध ह्यांत अधिक वाईट कोणते, असा प्रश्न पडावा. १८३० नंतरच्या काही वर्षांत, ह्या इस्पितळांनी काही साधत नाही असे लष्करी वैद्यांपैकीच काहींचे मत झाले आणि लॉर्ड बेंटिंकच्या काटकसरीच्या काळात ती बंद करण्यात आली.

ती पुन्हा उघडली ती १८५७ नंतर. उठावाच्या अनुभवाने गोऱ्या सैनिकांचे प्रमाण वाढविण्यात आले. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या राजकीय आयोगाने १८६३ साली अहवाल दिला, तेव्हा असे दिसून आले की, गोऱ्या सैनिकांत दर हजारी ६९ माणसे दरसाल मरत होती. स्वच्छ पाणी, हवेशीर बरॅकी, गटारे ह्यांची कामे त्यातून निघाली, आणि ती चांगली कामे होती. त्याच लाटेत १८६४ चा छावण्यांचा कायदा आला आणि पाठोपाठ १८६८ चा चौदावा कायदा, म्हणजे सांसर्गिक रोगांचा कायदा. पहिला छावण्यांपुरता होता. दुसऱ्याने तोच कारभार मोठ्या शहरांत आणला. मद्रास शहर त्याच्या कक्षेत आले. मुंबईस तो १८७० मध्ये लागू झाला, दोन वर्षांत थांबला, १८८० मध्ये पुन्हा सुरू झाला.

कायद्याचे स्वरूप थोडक्यात असे की, धंदा करणाऱ्या स्त्रीने पोलिसांच्या नोंदबुकात आपले नाव लिहवावे, ठराविक मुदतीने तपासणीस हजर व्हावे, रोग आढळल्यास इस्पितळात राहावे आणि हे न केल्यास दंड किंवा कैद भोगावी. कोण धंदा करते हे ठरविणार पोलीस. ज्या स्त्रीवर शिपायाने बोट रोखले तिने आपण तशी नाही हे सिद्ध करावे, ही गोष्ट त्या काळीही अनेकांस खटकली. आता ह्या कायद्यात जे नव्हते ते पाहावे. सैनिकाच्या तपासणीचे कलम त्यात नव्हते. विलायतेत सैनिकांची अशी नियमित तपासणी पूर्वी होत असे. ती १८५९ मध्ये सोडून देण्यात आली, कारण तिने शिपायाचा स्वाभिमान दुखावतो असे अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले. रोग दोन शरीरांच्या संबंधांतून पसरतो, हे वैद्यांना माहीत होते. पण कुलूप एकाच शरीराला लावले गेले. ही न्यायाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली, तरी वैद्यकाच्या हिशेबातही ती फसणारीच होती.

हे फसणे समजून घ्यावयाचे तर त्याच छावणीतल्या दुसऱ्या वस्तीकडे वळले पाहिजे. परंगीमलै असो, सिकंदराबाद असो की कामठी असो, गोऱ्यांच्या बरॅकींपासून काही अंतरावर हिंदी शिपायांच्या ‘लायनी’ असत. मद्रासच्या पायदळात तेलुगू होते, तमिळ होते, आणि मुसलमानही पुष्कळ होते. मद्रासच्या घोडदळात तर बहुसंख्य स्वार मुसलमान असत. कर्नाटकच्या नवाबाच्या आणि म्हैसूरच्या सुलतानाच्या फौजा मोडल्यावर ज्या घराण्यांचा शिपाईपणा हाच व्यवसाय उरला, त्यांची तरुण मुले ह्या पलटणींत येत. मद्रासच्या फौजेची एक रीत इतर इलाख्यांतील अधिकाऱ्यांना नवलाची वाटे: येथला शिपाई आपले कुटुंब बरोबर घेऊन राही. सरकार त्याला बरॅक देत नसे. लायनीत तो स्वतःची झोपडी बांधी आणि तीत त्याची बायको, मुले, कधी म्हातारी आईसुद्धा असे. पलटण हलली की कुटुंबकबिल्यासकट गाड्यांची रांग मागून निघे. सेनापतींनी ह्या लटांबराविषयी पुष्कळ कुरकुर केली आहे.

परंतु आरोग्याच्या वार्षिक तक्त्यांत एक गोष्ट वर्षानुवर्षे येत राहिली. गरमी-परम्याने इस्पितळात दाखल झालेल्या हिंदी शिपायांचे प्रमाण गोऱ्या सैनिकांच्या पासंगालाही पुरत नव्हते. हवा तीच, बाजार तोच, आणि तरीही हा फरक.

ह्याची कारणे त्या काळापासून शोधली गेली. मुसलमान शिपायांपुरते एक कारण वैद्यांना आकर्षक वाटले, ते सुंतेचे. लंडनचे जोनाथन हचिन्सन ह्यांनी १८५५ साली आपल्या इस्पितळातील ज्यू रोग्यांत गरमी कमी आढळते असे दाखवून तिचा संबंध सुंतेशी जोडला होता. हा तर्क पुढे दीडशे वर्षे वादात राहिला आणि त्याची एक महत्त्वाची पारख महाराष्ट्रातच झाली. पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या दोन हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सुंता झालेल्या पुरुषांत एचआयव्हीची लागण पुष्कळच कमी आढळली. पण गरमी आणि परमा ह्यांच्या बाबतीत तसे संरक्षण दिसले नाही. म्हणजे ज्या दोन रोगांनी मद्रासची इस्पितळे भरत होती, त्यांच्यापुरते तरी सुंतेचे उत्तर पुरे पडत नाही. शिवाय लायनीतील हिंदू शिपाईही ह्या रोगांपासून बराच दूर होता, ही गोष्ट उरतेच.

दुसरे कारण अधिक कडू आहे. हिंदी शिपाई असला रोग लपवीत असावा, पलटणीच्या डॉक्टरकडे न जाता हकिमाकडे किंवा वैद्याकडे जात असावा, असा अधिकाऱ्यांना संशय होता, आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. धर्माने निषिद्ध मानलेल्या गोष्टीची खूण अंगावर वागविणारा तरुण मुसलमान शिपाई आपल्या जमादारासमोर, जो बहुधा त्याच्याच बिरादरीतला, कदाचित सोयराही असे, ती कबूल करण्याआधी दहा वेळा विचार करणार. लाज ही रोगाचा आकडा खाली आणते, रोगाला नव्हे. तक्त्यांतील फरकाचा काही भाग ह्या लपवालपवीचा मानावा लागतो. पण सगळा नव्हे. एवढी मोठी तफावत केवळ लपवून राहणे कठीण. तेव्हा मुख्य कारण झोपडीतल्या चुलीपाशीच शोधावे लागते. ज्या फौजेने आपल्या शिपायाला घर करू दिले तिला कुलूपखान्याची गरज कमी पडली. सरकारी कागदांत हा फरक डोळ्यांसमोर होता. तरी त्यातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे गोऱ्या सोजिरालाही संसार करू द्यावा हा, खजिन्याला परवडणारा नव्हता. उलट १८७० च्या भरतीच्या कायद्याने विलायतेत अल्प मुदतीची नोकरी सुरू झाली आणि हिंदुस्थानात येणारा सैनिक पूर्वीपेक्षाही कोवळ्या वयाचा आणि बिनलग्नाचा झाला.

एवढ्यात मद्रासवर १८७६ ते ७८ चा दुष्काळ कोसळला. दख्खनच्या लोकांना त्याची आठवण सांगावयास नको. सोलापूर, विजापूरकडेही तो असाच उतरला होता. मद्रास इलाख्यातील हाहाकार मोठा होता. मध्यवर्ती सरकारने खर्चाला आळा घालण्यासाठी सर रिचर्ड टेंपल ह्यांस पाठविले. हे तेच टेंपल, जे पूर्वी नागपुरास मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांनी १८७७ च्या जानेवारीत दुष्काळी कामावरील धडधाकट माणसाची मजुरी दिवसास एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी तिला कसून विरोध केला. एवढ्या अन्नावर अंगमेहनत करणारा माणूस जगत नाही, हे त्यांनी सरकारला सांगितले. वादाच्या शेवटी मजुरी वाढली, पण दरम्यान माणसे मरत राहिली.

ह्या काळात मद्रासच्या लॉक हॉस्पिटलांत एक अनपेक्षित गोष्ट घडू लागली. ज्या दारातून स्त्रियांना आजवर ओढून आणावे लागे, त्या दाराशी काही स्त्रिया आपण होऊन येऊ लागल्या. आत छप्पर होते आणि मुख्य म्हणजे रोज शिजलेले अन्न होते. त्यासाठी पोलिसांच्या नोंदबुकात वेश्या म्हणून नाव चढवून घ्यावयाचे, तर तेही त्यांनी पत्करले. जे नाव पुसून टाकण्यासाठी आदल्या वर्षापर्यंत स्त्रिया धडपडत होत्या, तेच नाव आता भाकरीची चिठ्ठी ठरले. अधिकाऱ्यांस हा आपल्या संस्थेचा गैरफायदा वाटला. रोग नसताना अन्नासाठी आलेली कोणती आणि रोगी कोणती, हे निवडण्यात त्यांचा वेळ जाऊ लागला. सैनिकाचे शरीर निरोगी ठेवण्यासाठी उभारलेल्या इमारतीत दुष्काळात सापडलेल्या बाया जीव जगवीत होत्या. ह्या स्त्रियांनी कोणतेही निवेदन लिहिले नाही, सभा भरविली नाही. पण कुलूपखान्याचा उपयोग कशासाठी करावयाचा हे त्यांनी सरकारला न विचारता ठरविले. ह्या सबंध कहाणीत कायद्यापुढे हात न टेकलेली अशी माणसे फार थोडी आहेत.

कायदा रद्द झाला तो मात्र त्यांच्यामुळे नव्हे. विलायतेत जोसेफीन बटलर आणि त्यांच्या सहकारिणींनी चालविलेल्या दीर्घ चळवळीने तेथील कायदे १८८६ मध्ये उठले. त्याच वर्षी हिंदुस्थानातील लष्करी मुख्यालयाने पलटणींना धाडलेले एक परिपत्रक दोन वर्षांनी उजेडात आले. पलटणीच्या बाजारात पुरेशा आणि दिसावयास बऱ्या अशा स्त्रियांची सोय असावी, अशी सूचना त्यात होती. पार्लमेंटात खळबळ उडाली आणि १८८८ मध्ये हिंदुस्थानातील कायदाही गेला. कागदावर तो गेला, एवढेच. एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरिन बुशनेल ह्या दोन अमेरिकन स्त्रिया १८९१-९२ च्या हिवाळ्यात छावण्या हिंडल्या, तेव्हा तपासणी आडवाटेने चालूच असलेली त्यांना दिसली. सरसेनापती रॉबर्ट्स ह्यांनी आधी ते नाकारले आणि मग चौकशी समितीचे निष्कर्ष पाहून माफी मागितली.

पुढील आकडे मोठे बोलके आहेत. १८९५ साली गोऱ्या सैनिकांत ह्या रोगांनी इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण हजारी पाचशेंच्या वर गेले होते. बंदोबस्तवाद्यांनी लगेच बोट दाखविले: पाहा, कायदा उठविला त्याचे हे फळ. १८९७ मध्ये स्त्रियांना छावणीबाहेर घालविण्याचे अधिकार पुन्हा देण्यात आले. परंतु कायदा जोरात असतानाही हे प्रमाण चढतच होते, ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र ते झपाट्याने उतरले आणि महायुद्धापूर्वी हजारी शंभराच्याही खाली आले. सालव्हर्सन हे पहिले प्रभावी औषध बाजारात आले १९१० साली, म्हणजे हा उतार बराचसा औषधाच्या आधीचा. त्या वर्षांत सरसेनापती किचनर ह्यांनी प्रथमच सैनिकाला स्वतःला उद्देशून समज दिली, बढती आणि रजा ह्यांचा संबंध त्याच्या वागणुकीशी जोडला. पलटणींत खेळ, वाचनालये आणि दारूबंदीच्या मंडळ्या वाढल्या. एकट्या एकाच गोष्टीला श्रेय देणे चुकीचे होईल. पण सैनिकाकडे एक जबाबदार माणूस म्हणून पाहण्यास सुरुवात झाल्यावर आकडा उतरला, हा क्रम नजरेआड करता येत नाही.

हिंदी शिपायाकडे मात्र तसे पाहिले गेलेच असे नाही. १९१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदू, मुसलमान आणि शीख शिपाई इंग्लंडात ब्रायटनच्या किचनर इस्पितळात होते. गोऱ्या स्त्रियांशी त्यांचा संबंध येऊ नये म्हणून तेथे काटेरी तारांचे कुंपण घालण्यात आले. ह्या वेळी कुलूप शिपायाला लागले होते.

आता मद्रासकडे परत यावयाचे, तर १९८६ साली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत हिंदुस्थानात एचआयव्हीची एकही लागण नोंदलेली नव्हती आणि हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, आपल्याकडे येणार नाही, असे जबाबदार माणसेही म्हणत. फिरंग शब्दाचा जुना अर्थ अजून जिवंत होता म्हणावयाचे. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक सुनीती सॉलोमन ह्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला हिला, रक्ताचे नमुने जमविण्यास सांगितले. सुनीती ह्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घराण्यातल्या. सात भावांची ही एकुलती बहीण.

निर्मलास नमुने मिळाले ते कोठे? मुख्यतः सरकारी महिला सुधारगृहात, जेथे पोलिसांनी धरून आणलेल्या वेश्या ठेवीत. हातमोजे नव्हते, सुरक्षित पेटी नव्हती. तीन महिन्यांत सुमारे ऐंशी नमुने जमले आणि ते निर्मलाने आपल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासणी झाली, तेव्हा सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला. अमेरिकेतून खात्री झाल्यावर मे महिन्यात राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत ती बातमी दिली. एकशे अठरा वर्षांनंतरही शोधाची सुरुवात कुलपाआडच्या स्त्रियांपासूनच झाली होती. शास्त्रज्ञांचा हेतू शुद्ध होता आणि त्यांनी देशाला वेळेवर सावध केले, हे खरे. पण रक्त कोणाचे सहज मिळते, ह्या प्रश्नाचे उत्तर १८६८ मध्ये होते तेच होते.

सुनीती सॉलोमन ह्यांना पुढे ही गोष्ट स्वस्थ बसू देईना. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावे वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र चेन्नईत सुरू केले. तेथे येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. लागण झालेल्या त्या स्त्रिया बहुतांशी गृहिणी होत्या आणि नवऱ्याखेरीज कोणाशीही त्यांचा कधी संबंध आलेला नव्हता. पुण्यातील चिकित्सालयांत १९९३ ते ९६ ह्या वर्षांत तपासलेल्या, धंदा न करणाऱ्या स्त्रियांतही शंभरांमागे तेराचौदा जणींना लागण आढळली होती. ह्या स्त्रियांची नावे कोणत्याही पोलिसाच्या नोंदबुकात कधी चढली नव्हती, आणि ज्यांच्यापासून लागण झाली त्यांचीही नाही.